मुशीत घालण्यापूर्वी

मागील अंकात बँकेतील लॉकर आणि नामनिर्देशन यांविषयी लिहिले होते. तो लेख वाचून एका कापड व्यापारी कुटुंबातील थोरले बंधू मला भेटावयास आले. वर्षभरापूर्वी त्यांच्या मातोश्रींचे निधन झाले होते. लॉकर उघडल्यावर दागिन्यांबरोबर एका जुन्या डबीत सोन्याची अकरा नाणी मिळाली. दागिन्यांची विल्हेवाट आईने हयातीतच लावून ठेवली होती. नाण्यांविषयी मात्र ती काही बोलली नव्हती. नेहमीच्या सराफाने वजन केले, ते साडेपंचाण्णव ग्रॅमच्या आसपास भरले. "सगळी एकत्र आटवू या, तीन सारख्या लगडी करू या, तिघा भावांना एकेक, वादाला जागाच नको," असा सल्ला त्याने दिला. सल्ला देणारा माणूस सचोटीचा होता. बंधूंनी मला विचारले, "साहेब, यात काही चुकते आहे का?"

मी त्यांना एवढेच म्हणालो, "आठ दिवस थांबा. आटवलेले सोने पुन्हा नाणे होत नाही."

असे मी का म्हणालो, हे सांगण्यासाठी माझ्याच घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९१ साली माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. सुवर्ण नियंत्रण कायदा त्याच्या आदल्याच वर्षी रद्द झाला होता आणि घरातील जुने सोने उजळ माथ्याने बाहेर काढता येत होते. आजीच्या पेटीत पाच नाणी होती. बांगड्यांसाठी ती मोडावीत, असे मीच सुचवले. आजी म्हणाली, "एक तरी राहू दे रे." मी नुकताच बँकेत अधिकारी झालो होतो, एम.कॉम.ची पदवी गाठीशी होती. मी तिला समजावले, "आजी, सोने ते सोने. छाप कोणताही असो, भाव वजनालाच मिळतो." आजी पुढे काही बोलली नाही. पाचही नाणी मुशीत गेली.

वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या हिशेबाच्या वहीत त्या दिवसाची सराफाची चिठ्ठी सापडली. तीन नाणी प्रत्येकी सात ग्रॅम नऊशे ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास, एक अकरा ग्रॅम साडेसहाशे मिलिग्रॅम आणि एक दहा ग्रॅम नऊशे मिलिग्रॅम. तोवर मला या विषयाची थोडी गोडी लागली होती, म्हणून ते आकडे मी वाचू शकलो. पहिली तीन नाणी म्हणजे गिन्न्या किंवा त्याच वजनाच्या पंधरा रुपयांच्या मोहोरा. चौथे नाणे कंपनी सरकारच्या किंवा राणीच्या काळातील मोहोर. पाचव्याचे वजन मात्र मोगल मोहोरेचे आहे. ते अकबराचे होते की औरंगजेबाचे, कोणत्या टांकसाळीचे होते, त्यावर कोणते साल होते, हे आता कोणालाही कळणार नाही. वजन चिठ्ठीवर उरले आहे, मुद्रा गेली आहे.

म्हणून या महिन्याचे पान सोन्याच्या नाण्यांसाठी.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. सराफाच्या दुकानात किंवा बँकेत आज आपण जे सोन्याचे नाणे विकत घेतो, ते कायद्याच्या अर्थाने चलनी नाणे नव्हे. त्यावर रुपयांतील मूल्य नसते. ते एक प्रमाणित वजनाचे पदक असते. जुनी मोहोर किंवा गिन्नी ही मात्र राजसत्तेने आपल्या नावाने पाडलेली, व्यवहारासाठी काढलेली मुद्रा. पहिल्यात आपण सोने घेतो. दुसऱ्यात सोन्याबरोबर इतिहासही घेतो आणि त्याची किंमत कधी वेगळी मोजावी लागते, कधी ती फुकटच मिळते.

भारतात पाडलेल्या आणि आजही सहज मिळणाऱ्या नाण्यांत पहिला मान १९१८ सालच्या नाण्यांचा. पहिल्या महायुद्धामुळे समुद्रमार्ग धोक्यात आले होते, चांदीच्या रुपयांची टंचाई होती. अशा वेळी हाताशी असलेल्या सोन्याची नाणी येथेच पाडावीत असे ठरले. लंडनच्या रॉयल मिंटची शाखा मुंबईच्या टांकसाळीत सुरू झाली. ती तयार होईपर्यंत पंचम जॉर्जच्या मुद्रेची पंधरा रुपयांची मोहोर पाडण्यात आली. पंधराच का? कारण १८९९ पासून भारतात एका गिन्नीचा कायदेशीर दर पंधरा रुपये होता. वजन व कस दोन्ही गिन्नीचेच ठेवले: ७.९८८ ग्रॅम, बावीस कॅरेट. अशा सुमारे एकवीस लाख मोहोरा निघाल्या. त्यापाठोपाठ सुमारे तेरा लाख गिन्न्या पाडल्या गेल्या आणि १९१९ मध्ये ती शाखा बंदही झाली.

मुंबईची गिन्नी ओळखण्याची खूण सोपी आहे. घोड्यावर बसून अजगरास मारणाऱ्या संत जॉर्जच्या बाजूस, पायाखालच्या जमिनीच्या रेषेवर, सालाच्या आकड्यांच्या वर मधोमध 'आय' हे बारीक इंग्रजी अक्षर असते. ते इंडियाचे आद्याक्षर. भिंग घेऊन पाहावे. आपल्या घरात गिन्नी असेल तर ती लंडनची, ऑस्ट्रेलियाची की आपल्या मुंबईची, हे त्या एका ठिकाणी कळते. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, रॉयल मिंटच्या परवान्याने भारतात पुन्हा गिन्न्या पाडल्या गेल्या आणि त्यांवरही हेच अक्षर आहे.

दुसरा वर्ग मोठ्या मोहोरांचा. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली चौथ्या विल्यमच्या नावाने काढलेली मोहोर १८० ग्रेनची, म्हणजे ११.६६ ग्रॅमची. आपला तोळाही १८० ग्रेनचाच. १८३३ च्या नियमाने तो तसा ठरला. थोडक्यात, ही मोहोर म्हणजे बरोबर एक तोळा बावीस कॅरेट सोने. याच काळातील दोन मोहोरांच्या नाण्यावर सिंह आणि ताडाचे झाड आहे. रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह ठरवताना ही मुद्रा समोर होती. सिंहाच्या जागी वाघ आला, ताड तसाच राहिला. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या मोहोरा आणि दहा व पाच रुपयांची लहान सुवर्णनाणी निघाली. या वर्गात एक सावधगिरी हवी. टांकसाळीने जुन्याच साच्यांवरून नंतरच्या काळात पुन्हा पाडलेली नाणीही बाजारात आहेत. ती बनावट नव्हेत, पण मूळ नाण्याच्या किमतीची नव्हेत.

तिसरा वर्ग त्याहून जुन्या नाण्यांचा. मोगल मोहोर सुमारे ११ ग्रॅमची, उंची सोन्याची. दक्षिणेत होन आणि वराह, त्यांचे अर्धे भाग आणि बाजरीच्या दाण्याला भाऊ शोभावेत असे इवलेसे फणम. नवख्या संग्राहकाने सुरुवात करावी तर फणमापासून. अर्ध्या ग्रॅमहूनही कमी सोने असल्याने खिशाला झेपते. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन मात्र अत्यंत दुर्मीळ आहे, आणि जे दुर्मीळ असते त्याच्या नकला मुबलक असतात. कोणी स्वस्तात शिवकालीन होन देऊ करत असेल, तर हात जोडून निरोप घ्यावा.

आपल्या घरातील पुतळी माळेचेही येथे स्मरण होते. पुतळी म्हणजे मूळचे व्हेनिस शहराचे डुकाट. साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. त्यावरील मानवी आकृतींमुळे आपण त्यास पुतळी म्हणू लागलो आणि व्यापाराबरोबर आलेले परदेशी नाणे आपल्या स्त्रियांच्या गळ्यात विसावले. पुढे येथील कारागिरांनीही तशाच पुतळ्या घडवल्या. त्यामुळे जुन्या माळेत मूळ नाणी आणि देशी नकला शेजारी शेजारी ओवलेल्या असू शकतात.

जुन्या नाण्यांना घरच्या माणसांपासूनच अधिक धोका असतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण राजस्थानातील बयाना येथील. १९४६ साली भरतपूर संस्थानात गुप्तकालीन सुवर्णनाण्यांनी भरलेले तांब्याचे भांडे गावकऱ्यांना सापडले. अधिकाऱ्यांपर्यंत वार्ता पोहोचण्याआधीच काही नाणी आटवली गेली होती. तरीही १८२१ नाणी वाचली. त्यांची सविस्तर सूची डॉ. अनंत सदाशिव अळतेकर या आपल्याच कोल्हापूरकडच्या पंडिताने सिद्ध केली. चौथ्या-पाचव्या शतकातील राजांची आपल्याला जी ओळख आहे, तिच्यात त्या नाण्यांनी मोलाची भर घातली आहे.

नाण्याची परीक्षा ही विद्या आपल्या समाजास नवी नाही. अलाउद्दीन खिलजी व त्याच्या वारसांच्या काळात दिल्ली दरबारी सेवेत असलेला ठक्कुर फेरू हा श्रीमाल जैन. दिल्लीच्या टांकसाळीतील अनुभवाच्या आधारे त्याने १३१८ साली 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ रचला, तो आपल्या भावासाठी आणि मुलासाठी. धातू शुद्ध कसे करावेत, कोणत्या राजवटीच्या नाण्याचे वजन किती, त्यात अस्सल धातू किती, त्याचे मोल काय, हे सारे त्यात एकेका नाण्यागणिक दिले आहे. सातशे वर्षांपूर्वी एक जाणता गृहस्थ आपल्या घरच्यांना सांगत होता, की नाणे हाती आले तर प्रथम ते कोणाचे व किती कसाचे हे पाहा. १९९१ साली मी आजीला नेमके याच्या उलट सांगत होतो.

आता नव्या नाण्यांविषयी. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी केंद्र सरकारने 'इंडियन गोल्ड कॉइन' बाजारात आणले. एका बाजूस अशोकचक्र, दुसऱ्या बाजूस महात्मा गांधी; शुद्धता ९९९, भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क, सरकारी टांकसाळीत पाडलेले. प्रारंभी पाच व दहा ग्रॅमची नाणी आणि वीस ग्रॅमची लगड अशी त्याची वजने होती आणि विक्री एमएमटीसीमार्फत होती. याखेरीज खासगी शुद्धीकरण कारखान्यांची आणि सराफांची नाणी सर्वत्र मिळतात. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: शुद्धतेचा शिक्का, न उघडलेले वेष्टन व त्यावरील क्रमांक, आणि पक्की पावती. तीन टक्के वस्तू व सेवा कर आणि घडणावळ हे दोन्ही खर्च विकताना परत मिळत नाहीत, हे गणित आधीच करून ठेवावे.

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. नोकरीत असताना अक्षय्य तृतीयेला आणि धनत्रयोदशीला आम्ही खिडकीवर सोन्याची नाणी विकत असू. वरून तसे उद्दिष्टच येत असे. पुढे तेच ग्राहक अडचणीच्या वेळी नाणे घेऊन येत आणि मला सांगावे लागे, की बँकेने विकलेले नाणे बँक परत विकत घेऊ शकत नाही. नियमच तसा होता. परंतु विकताना हे आवर्जून सांगण्याची तसदी आम्ही फारशी घेत नसू, याची खंत आजही आहे. सोने तारणाच्या बाबतीतही लक्षात ठेवावे: लगडीवर बँका कर्ज देत नाहीत आणि नाण्यांवर देतात तेही माणशी पन्नास ग्रॅमपर्यंतच. आईच्या अकरा नाण्यांच्या लगडी झाल्या असत्या, तर त्या तारण ठेवण्यासही निरुपयोगी ठरल्या असत्या.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षे किंवा अधिक जुने नाणे हा पुरावशेष ठरतो. तो घरात ठेवण्यात गुन्हा नाही. परंतु तो देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करण्यास परवाना लागतो. म्हणजे १९१८ ची गिन्नीदेखील आता या व्याख्येत आली आहे. परदेशी राहणाऱ्या मुलाला किंवा सुनेला 'आजीची आठवण' म्हणून ती सामानात घालून देण्याचा मोह टाळावा. तसेच जुना वाडा पाडताना भिंतीत किंवा जमिनीत नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

प्राप्तिकराचे म्हणाल, तर वारसाने आलेल्या नाण्यावर मिळताना कर नाही. विकताना भांडवली नफा मोजला जातो. मूळ धारकाचा काळही धरला जातो, आणि १ एप्रिल २००१ पूर्वीच्या सोन्याला त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. आणखी एक बारकावा. विवाहित स्त्रीकडे पाचशे ग्रॅम वगैरे सोने जप्त करू नये, असे जे १९९४ चे परिपत्रक आपण सर्व जण सांगत असतो, त्यात शब्द दागिने व अलंकार असा आहे. नाण्यांचा उल्लेख नाही. म्हणून नाणी कोठून आली याची लेखी नोंद घरात असलीच पाहिजे.

जुनी नाणी हाताळण्याचे नियम थोडेच आहेत. लिंबू, चिंच, रिठा किंवा पॉलिश यांचा स्पर्श होऊ देऊ नये. घासलेल्या नाण्याचे संग्राहक-मूल्य घटते. कडी डकवू नये. कडेला धरून उचलावे. वजन व व्यास मोजावा. गिन्नीचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो. गिन्नीच्या नकलांतही सोने असते, त्यामुळे नुसती कसोटी पुरेशी नाही. खरेदी-विक्री नामांकित लिलावगृहातून किंवा परवानाधारकाकडून, पावतीसह करावी. नजर तयार करायची असेल तर मुंबईत रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. पाच नाणी विकत घेण्याआधी पाचशे पाहावीत.

आता त्या अकरा नाण्यांकडे वळू. आठ दिवसांनी थोरले बंधू दोन्ही भावांसह आले. टेबलावर पांढरे कापड पसरून आम्ही एकेक नाणे पाहिले. पाच गिन्न्या निघाल्या, त्यांतील दोन मुंबईच्या. तीन पंधरा रुपयांच्या मोहोरा. एक १८६२ सालची व्हिक्टोरिया राणीची मोहोर. आणि उरलेली दोन नाणी अगदी अलीकडची, बँकेच्या वेष्टनातून काढलेली, दहा दहा ग्रॅमची चोवीस कॅरेटची. म्हणजे आठ नाण्यांत प्रत्येकी ७.३२ ग्रॅम, मोहोरेत १०.६९ ग्रॅम आणि शेवटच्या दोहोंत वीस ग्रॅम शुद्ध सोने. सर्व एकत्र आटवले असते तर चोवीस कॅरेटचे सोने बावीसात मिसळले असते आणि आटणीची घट वेगळी. गिन्न्या व लहान मोहोरा यांचे मोल मुख्यतः सोन्याइतकेच. राणीची मोहोर मात्र सोन्याहून अधिक किमतीची ठरू शकत होती.

हे ऐकताच खोलीतील हवा बदलली. तोवर सारखी असलेली अकरा नाणी एकाएकी सारखी राहिली नाहीत. मधले बंधू म्हणाले, "मग मोहोर कोणाकडे जाणार?" मला क्षणभर वाटले, की आपण उगाच बोललो, लगडीच बऱ्या होत्या. माहिती मिळाली की वाटणी सोपी होत नाही, अवघड होते.

तेव्हा बँकेतील जुन्या सवयीने मी वारसांची यादी विचारली. आईच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलांइतकाच असतो. हिंदू वारसा कायदा या बाबतीत आपल्यालाही लागू आहे. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. धाकटे म्हणाले, "ताईला आम्ही विचारलेच नाही. तिचे लग्न होऊन पस्तीस वर्षे झाली." मी म्हणालो, "मग आधी त्यांना विचारा."

पुढच्या रविवारी ताई आल्या. नाणी पाहताच त्यांनी राणीची मोहोर बोटाने बाजूला सरकवली. म्हणाल्या, "ही आईच्या आईची. वहीपूजनाच्या ताटात आई ही एकच ठेवायची आणि पूजा झाली की मला पुसायला द्यायची. बाकीची दुकान चालू लागल्यावर बाबांनी घेतली." भावांना यातील काहीच ठाऊक नव्हते. वहीपूजन दुकानात होई आणि डबी आवरणे ताईंकडे असे.

हिशेब शेवटी चौघांत झाला. ताईंनी मोहोर घेतली आणि तिचा बाजारभाव जाणकाराकडून ठरवून, तो आपल्या वाट्यात धरण्याचा आग्रह त्यांनीच केला. उरलेली दहा नाणी शुद्ध सोन्याच्या हिशेबाने चौघांत वाटली गेली. थोडा फरक रोखीने भागला. प्रत्येक नाण्याची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन, कोणाकडून आले व कोणाकडे गेले, असा कागद करून त्यावर चौघांनी सह्या केल्या. त्या कागदाची एक प्रत मी मागून घेतली आहे.

वाचकहो, या महिन्यात एक काम करावे. घरात नाणी असतील तर ती काढून, पाहून, मोजून त्यांची एक यादी करावी. आणि यादीच्या शेवटच्या रकान्यात, ते नाणे कोणाचे होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे. हा रकाना नंतर भरता येत नाही. माझ्याकडे पाच वजने आहेत आणि पाचही रकाने कोरे आहेत.

पुढील अंकात: वारसाने आलेल्या शेअर्सची कागदी प्रमाणपत्रे आणि त्यांचे डिमॅट. तोवर जय जिनेंद्र.